चंदेरी रंगाखालचा गिअरबॉक्स

१९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप दारात आणून उभी केली तेव्हा बायकोने एकच विचारलं, "एसी आहे का हिला?" नव्हता. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये तो नसणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पण माझं सगळं लक्ष गिअरबॉक्सकडे होतं, आणि तिथेच मी पुरता गंडलो. आपल्यातल्या दोघा-तिघांनी अशाच जुन्या गाड्या घेतल्यात. परवा एकाने मला विचारलं, ओव्हरड्राइव्हचा (म्हणजे हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर असलेला) गिअरबॉक्स कुठून घेऊ? त्याला फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला, म्हणून आता लिहूनच काढतो.

गाडीत टर्बो ३५० नावाचा गिअरबॉक्स होता. तीन गिअरचा, ऑटोमॅटिक, दणकट. गावात चालवायला झकास. पण त्याचा तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक. माझ्या मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ आणि टायर २८ इंची, त्यामुळे ७० माइलच्या वेगाला इंजिन ३,१०० आरपीएमच्या वर कोकलायचं. एकदा सॅन अँटोनियोहून डॅलसला जाऊन आलो, तर रात्री अंथरुणात पडल्यावरही कानात घुं घुं चालूच.

चौथा गिअर हवा होता. टर्बो ४०० मजबूत, पण तोही तीनचाच. फोर एल सिक्स्टी ई चांगला, पण त्याला कंप्युटर लागतो आणि माझ्या गाडीत सगळ्यात आधुनिक वस्तू म्हणजे रेडिओ. टू हंड्रेड फोर आर कमी जागेत बसतो, पण तो या भागात सहज मिळेना. राहिला सेव्हन हंड्रेड आर फोर. जनरल मोटर्सने तो १९८२ पासून दिला. पहिला गिअर ३.०६, म्हणजे उठाव जोरदार, आणि चौथा ०.७०, म्हणजे ७० माइलला इंजिन २,२०० च्या आसपास. जुळवाजुळव करावी लागते: क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) मागे सरकवायचा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा. पण ते जमण्यासारखं होतं.

या गिअरबॉक्सची एक मेख आहे, आणि माझी सगळी फसवणूक तिच्याच आडून झाली. त्याला टीव्ही केबल असते. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरकडून ही केबल ओढली जाते, आतला ऑइलचा दाब वाढतो आणि क्लच प्लेटा घट्ट धरतात. केबल ढिली राहिली तर दाब कमी, प्लेटा घसरतात आणि बघता बघता जळतात. हे शंभर टक्के खरं आहे. प्रत्येक मेकॅनिक हेच सांगतो. ज्याच्याकडून मी गिअरबॉक्स घेतला त्या माणसानेही मला हेच सांगितलं, आणि म्हणूनच मला तो जाणकार वाटला.

जाहिरातीत लिहिलं होतं: पूर्ण रिबिल्ट, १९८७ नंतरचा, बारा महिन्यांची वॉरंटी. किंमत २,१५० डॉलर, आणि जुना गिअरबॉक्स कोअर म्हणून (म्हणजे बदल्यात) दिला तर ३०० कमी. त्याचं गॅरेज म्हणजे घरामागची शेड, पण स्वच्छ. टेबलावर चंदेरी रंग मारलेला गिअरबॉक्स, ऑपरेशनला आणलेल्या पेशंटसारखा. खाली वाकून मी तळाच्या ऑइल पॅनचे बोल्ट मोजले. सोळा. (टर्बो ३५० ला तेरा असतात आणि पॅनचा एक कोपरा छाटलेला असतो. एवढा अभ्यास मी केला होता आणि त्याचाच मला माज होता.) पुढच्या बाजूला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा गोल डबा) आधीच बसवलेला. "सर, तुम्हाला त्रास नको म्हणून मी कन्व्हर्टर लावूनच देतो," तो म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

पैसे फोनवरून थेट त्याच्या खात्यात टाकले, कारण क्रेडिट कार्डाला तो चार टक्के जास्त मागत होता. चौऱ्याहत्तर डॉलर वाचवले मी. बिलावर "सेव्हन हंड्रेड आर फोर, रिबिल्ट" एवढंच. नंबर नाही, साल नाही. आणि गाडीत मूळचा, धडधाकट, आयुष्यात कधी दगा न दिलेला टर्बो ३५० आठवड्याभराने मी स्वतः त्याच्या शेडमध्ये नेऊन दिला.

बसवायचं काम मी आणि शेजारचा एक मित्र, दोघांनी घरासमोरच केलं. टीव्ही केबलसाठी कार्बोरेटरला वेगळा ब्रॅकेट लागतो, तोही बसवला. पहिले काही दिवस गाडी अशी पळाली की मी विनाकारण दूध आणायला हायवेने जायचो. १९० माइल झाले असतील. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच गुरगुरलं, गाडी पुढे सरकेना. डिपस्टिक काढली. लाल असायचं ते ऑइल काळपट, आणि वास करपलेल्या फोडणीसारखा.

फोन केला. तो चिडला नाही, उलट हळहळला. "अरेरे सर, टीव्ही केबल. मी सांगितलं होतं ना? प्रेशर गेज लावून चेक केलं होतं का? नाही? मग वॉरंटी कशी देऊ?"

गेज मी लावला नव्हता. दोन आठवडे मी स्वतःलाच शिव्या घातल्या. रात्री टॉर्च घेऊन केबल बघायला जायचो. बायकोला सांगितलं की पार्ट यायचाय. माझ्याच हातून घाण झाली अशी खात्री पटली होती, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गाडी ओढून नेली. तो काही बोलला नाही. आधी गेज लावला: दाब केबल ओढेल तसा वाढत होता, केबल ठीक होती. मग गिअरबॉक्स खाली उतरवला, फडक्यावर थिनर घेतला आणि पॅनच्या वरची कड, उजवीकडची मागची बाजू, घासायला लागला. चंदेरी रंगाचा जाड थर निघाला आणि खाली ठोकलेला कोड दिसला. पहिला आकडा वर्षाचा असतो. तो ३ होता. म्हणजे १९८३.

मग त्याने कन्व्हर्टर ओढून काढला आणि आतला शाफ्ट माझ्यासमोर धरून म्हणाला, मोज. शाफ्टवर उभे दाते असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. एका दात्यावर खडूची खूण केली आणि नखाने एकेक मोजत गेलो. सत्तावीस. पुन्हा मोजले. सत्तावीसच. हे १९८२ ते ८४ च्या सुरुवातीच्या मॉडेलचे. नंतरच्यांत शाफ्ट जाड आणि दाते तीस. कन्व्हर्टर "त्रास नको म्हणून" का लावून दिला होता, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

आतलं उघडल्यावर तर बोलायलाच नको. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा कोळसा झालेल्या. त्यासाठी मला दोष देता आला असता. पण रबरी सील प्लास्टिकसारखे कडक, बोटाने दाबले तर कडकन तुटणारे. १९० माइलांत सील म्हातारे होत नाहीत. रिबिल्ट म्हणजे त्याने बाहेरून रंग मारला होता आणि पॅनचं गॅस्केट बदललं होतं, बस.

न्यायाने एक सांगतो: सत्तावीस दात्यांचा गिअरबॉक्स म्हणजे भंगार नव्हे. नीट बांधला आणि इंजिन साधं असेल तर चालतो. पण मग त्या भावाने आणि ते सांगून विकावा. आता कुणी मला असा सौदा दाखवला तर मी कन्व्हर्टर काढायला लावीन, दाते मोजीन, कोडचा फोटो काढून तोच नंबर बिलावर लिहून घेईन. रंग अगदी ताजा दिसला तर खिशात थिनरची बाटली असेल. चार टक्के जास्त गेले तरी कार्डानेच देईन, म्हणजे निदान बँकेकडे तक्रार करता येते. आणि नवा गिअरबॉक्स हजारभर माइल चालेपर्यंत स्वतःचा जुना घराबाहेर जाऊ देणार नाही, कोअरचे पैसे अडकले तर अडकले.

टेक्ससमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचे दावे जस्टिस कोर्टात वकिलाशिवाय चालवता येतात. मी दावा लावला. कोडचे फोटो, सीलचे तुकडे एका डब्यात, म्हाताऱ्याचं लेखी निवेदन. तारखेच्या दोन दिवस आधी विकणाऱ्याचा फोन आला, १,५०० वर मिटवूया का. मी मिटवलं. म्हाताऱ्याने तीस दात्यांचा दुसरा बांधून दिला, त्याचे २,६०० गेले, पण त्याने प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

विकणाऱ्याकडून पैसे घेताना मी माझा टर्बो ३५० मागितला. "तो केव्हाच विकला सर," तो म्हणाला. "फार चांगला होता. पार ओक्लाहोमाहून गिऱ्हाईक आलं होतं."