छोट्या गिटारची वरची फळी: स्प्रूस की सीडर?

पहिली पार्लर गिटार (लहान अंगाची गिटार) हाताने करायला घेतली की बरेच जण वरच्या फळीपाशी अडतात: लाकूड स्प्रूसचं घ्यावं की सीडरचं? विक्रेत्यांची 'मधाळ', 'सोनेरी' विशेषणं बाजूला ठेवू.

आवाज: सीडर हलका, मऊ. बोटांनी हळू छेडलं तरी पहिल्या दिवसापासून ऊबदार बोलतो. 1960च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ यांनी तो क्लासिकल गिटारींना लावला आणि तिथे तो रुळला. सिटका जातीचा स्प्रूस ताठ. सुरुवातीला जरा घुम्या, वाजवून वाजवून खुलतो. पण पिकने जोरात ठोकलं तरी स्वर फाटत नाही. सीडर तिथे लवकर दमतो.

खरा फरक कामात. सीडरवर नख लागलं तरी खड्डा पडतो. क्लॅम्पखाली वाळलेल्या गोंदाचा एक कण राहिला की वण उठलाच. पुढे कधी ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा धरणारी पट्टी) काढायची वेळ आली, तर त्याखालचे तंतू सोलून येतात. शिवाय फळी थोडी जाड ठेवावी लागते. स्प्रूस अशा बऱ्याच चुका पोटात घालतो.

किंमतीत फार फरक नाही. दोन्ही लाकडं उत्तर अमेरिकेची, इथे मागवताना आयात शुल्क आणि वाहतूकच जास्त झोंबते.

हात हलका, वाजवणं बोटांचं आणि आधी एखादी गिटार केलेली असेल तर सीडर घ्या. पहिलीच असेल किंवा गाण्याबरोबर स्ट्रमिंग करायचं असेल, तर डोळे मिटून स्प्रूस.