फुले मारवेल ०६-४० : मुरमाड बांधावरचा पावसाळा ते उन्हाळा

भूम तालुका म्हणजे खव्याच्या भट्ट्यांचा मुलूख. घरोघरी म्हशी अन् घरोघरी वैरणीची ओरड. खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आलं, कडबा आटला. सोयाबीनचं भुसकट म्हैस हुंगते नि तोंड फिरवते. म्हणून मागच्या आषाढात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा मारवेल ०६-४० हा चाऱ्याच्या गवताचा वाण लावला. आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय.

जागा मुद्दाम हलकी घेतली. उताराचा बांध अन् त्याच्या वरची मुरमाड पट्टी, जिथं तूरसुद्धा गुडघ्याच्या वर जात नाही. विहिरीजवळच्या वाफ्यात फुले जयवंत आहेच. बाजरी-नेपियरचा हा संकर पाणी अन् खत असेल तोवर राजा असतो. आमच्या विहिरीनं मार्चला तळ दाखवला अन् राजाही बसला. शिवाय नेपियरमध्ये, म्हणजे हत्तीघासात, ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या म्हशीला नुसत्या हत्तीघासावर ठेवू नये ते त्यामुळंच.

मारवेलचं गणित वेगळं. मुळ्यांसकट ठोंब पावसात लावले. पहिले दोन महिने डोळ्यात भरण्यासारखं काहीच नव्हतं. शेजारचे विचारायचे, हे काय बांधावर गवत लावत बसलाय. नंतर फुटवे सुटले. फुलोरा धरायच्या आत, जमिनीपासून चार बोटं वर कापलं की म्हशी काडी ठेवत नाहीत. फुलोरा येऊन गेला की काड्या राठ होतात, गव्हाणीत बुडखे उरायला लागतात. वाळवून गंजी लावली तर हिवाळाभर चांगली टिकते, रंगही बरा राहतो. कुसळी गवतासारखं तोंडाला टोचणारं यात काही नाही. एप्रिलमध्ये वाढ थांबली, वरून पिवळं पडलं; पण वळवाची सर पडताच बुडातून हिरवे कोंब आले. एवढ्यासाठीच मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

तक्रारीही आहेत. सुगी झाली की शिवार मोकळं होतं अन् मोकाट गुरं आधी हाच बांध गाठतात. काट्यांचं कुंपण घातलं नसतं तर ठोंब मुळासकट गेले असते. दुसरं, हे गवत बांधावर गप्प बसत नाही, सरीत उतरतं. कोळपणीला त्रास होतो. उस्मानाबादी शेळ्या कोवळी पानं तेवढी खातात. फक्त शेळ्या असतील तर यावर जागा घालवू नका, दशरथ घास किंवा शेवरी बरी.

बेण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत तिथंच होते. नेपियरच्या संकराला उगवणारं बी धरतच नाही, कांडी लावली की तोच वाण. मारवेलला बी धरतं, पण हलकं, तुसाळ, वाऱ्यावर उडणारं, उगवण बेभरवशाची. गंमत म्हणजे हे बी बहुतेक वेळा फलनाशिवायच तयार होतं, त्यामुळं रोप आईसारखंच निघतं. म्हणूनच यात संकर करणं अवघड. चांगला वाण हवा तर माळरानावरून नमुने गोळा करायचे, शेजारी शेजारी लावायचे अन् त्यातून निवडायचे. झाशीची भारतीय चारा संशोधन संस्था १९६२ पासून चारा पिकांवर काम करते आहे, पण निवडायला माळावर गवतच उरलं नाही तर तिथले लोक तरी काय निवडणार? आमच्या बालाघाटाच्या डोंगरात पवन्या अन् डोंगरी ही माळावरची गवतं आता फक्त कुंपणाआड दिसतात.

आमच्या बांधावर जुना रानमारवेल होताच. लागवडीआधी तो खणून काढला, नाहीतर दोन पावसाळ्यांत कोणता ठोंब कोणाचा हे ओळखता आलं नसतं. एक ओळ बेण्यासाठी वेगळी ठेवलीय, तिथं खुंटीला वाणाचं नाव बांधलंय. ओळखीच्या एकानं बाजारातून ‘सुधारित मारवेल’ म्हणून पोतं आणलं, त्यात निम्मी हरळी निघाली. ठोंब विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या, नाहीतर ज्याचं उभं शेत पाहिलंय त्याच्याकडून. मला मागणारे आलेत. ज्येष्ठाअखेर पाऊस लागला की त्याच ओळीतले देणार आहे, पैसे नकोत, बदल्यात कोणाकडं पवन्याचं बी असेल तर मूठभर द्यावं.