कुडाळच्या गॅरेजमधली ट्रेल बग्गी: इंजिन मागे, पण एक्सलच्या पुढे

कुडाळ एमआयडीसीच्या बाजूला एक छोटं फॅब्रिकेशनचं गॅरेज आहे, बोर्डपण धड नाहीये, तिथून मी दोन सीटची ट्रेल बग्गी (कच्च्या वाटांवर चालवायची उघडी, हलकी गाडी) बनवून घेतली आणि आता उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय. कोकणात असलं काही बनवून घ्यायचं डोक्यात असेल तर आधी एकच गोष्ट ठरवा, इंजिन कुठे बसणार. टायर, लायटी, रंग हे नंतर कधीही बदलता येतं, पण इंजिनची जागा बदलायची म्हणजे चॅसीच, म्हणजे गाडीचा सांगाडाच, परत कापायची.

या गॅरेजबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मिस्त्रींनी पहिल्या भेटीत इंजिनचा विषयच काढला नाही. म्हणाले, "तुमका गाडी खय चालवची आसा ता आधी सांगा, इंजिनाचा मगे बघूया." मी सांगितलं, सडा, कातळ, चिरेखाणीच्या कडेचे चढ, आणि कलमांच्या बागेतून वहाळापर्यंत उतरणारी वाट. मग त्यांनी शेडमध्ये फरशीवर खडूने इंजिन बसवायचे तिन्ही प्रकार (पुढे, मधे, मागे) काढून दाखवले आणि प्रत्येकात वजन कुठे पडतं ते समजावलं, आणि हे करताना कुठेही घाई नाही.

पुढे इंजिन म्हणजे जिप्सीसारखं. चढावर नाक खाली राहतं, स्टिअरिंग हातात राहतं, रेडिएटर समोर असल्यामुळे कूलिंगचा त्रास नाही, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. पण जिप्सीला ते जमतं कारण तिला चारही चाकांना ताकद आणि लो रेंज (हळू पण जास्त जोराने खेचणारे जादा गिअर) आहे. नुसती मागची चाकं फिरणारी हलकी बग्गी आणि इंजिन पुढे, हे सुट्ट्या जांभ्याच्या खडीवर अजिबात चालत नाही, मागची चाकं जागच्या जागी फिरत बसतात. आणि फोर बाय फोर करायचं तर ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस, दोन डिफ (डिफरन्शिअल), दोन प्रॉपेलर शाफ्ट, वजन आणि खर्च दोन्ही कुठच्या कुठे जातं.

दुसरं टोक म्हणजे इंजिन मागच्या एक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्याच्या, मागे लटकवलेलं. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सनी मेयर्स मँक्स ही बग्गी बनवली ती अशीच, फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, वर फायबरची बॉडी, आणि जगभरातल्या ड्यून बग्ग्या त्या वाटेने गेल्या. वाळूत ती रचना मस्त चालते कारण वजन थेट फिरणाऱ्या चाकांवर आणि पुढचा भाग हलका, वाळूत रुतत नाही. आपल्याकडे नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिन मागेच असल्यामुळे बरेच जण तो सेट उचलून लावायचा विचार करतात. पण आपली जमीन वाळूची नाहीये ना! कातळाच्या पायरीवर चढताना वजन आणखी मागे सरकतं, पुढची चाकं उचलायला लागतात आणि नेमकं वळायचं तिथेच स्टिअरिंग काही करत नाही. वर पायरी उतरताना मागे लोंबणारा सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) आधी दगडाला लागतो. (आणि वाळूत चालवायची म्हणून बीचवर नेणार असाल तर प्लीज नको. वेळास, आंजर्ले, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखाली घरटं आहे की नाही हे वरून कळत नाही.)

आमचं ठरलं ते मधलं, सीटच्या मागे आणि मागच्या एक्सलच्या जरा पुढे. डोनर (जिचे पार्ट काढून वापरायचे ती गाडी) म्हणून जुनी मारुती ८००, तिचं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं) इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, हब सगळा पुढचा सेट उचलून आहे त्याच दिशेने मागे बसवला. दिशा फार महत्त्वाची आहे, तोच सेट उलटा फिरवून लावला तर एक गिअर पुढचा आणि बाकी सगळे रिव्हर्सचे होतील. कार्ब्युरेटरवालं इंजिन मिस्त्रींनी घेऊच दिलं नाही, तिरक्या चढावर फ्लोटची लेव्हल बिघडते आणि गाडी ऐन चढात बंद पडते. बनल्यावर चिऱ्याच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं आणि मग मागची चाकं चढवून बघितलं, दोघं बसून पुढे साधारण ४० टक्के, मागे ६०. चढावर पुढचं चाक जमीन सोडत नाही आणि मागची ग्रिपपण भरपूर, मला जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालंय.

आता याची किंमत कुठे मोजावी लागते तेपण सांगतो. गरम होतं, पाठीमागेच इंजिन असल्यामुळे मधे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि हीट शीट असूनही मे महिन्यात दुपारी पाठ भाजते, आणि आवाजामुळे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. रेडिएटर त्यांनी पुढे ठेवला, हा निर्णय एकदम बरोबर कारण मागे ठेवला असता तर चाकांनी उडवलेला लाल चिखल थेट जाळीत जाऊन बसला असता, पण त्यासाठी फ्लोअरखालून लांब पाइप गेलेत आणि त्यात हवा अडकते. सुरुवातीला टेम्परेचर काटा उगाच वर जायचा, मग त्यांनी पाइपच्या सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा ब्लीड स्क्रू लावून दिला, पैसे न घेता. हे पहिल्यापासूनच करायला हवं होतं असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

गिअर लिंकेज, म्हणजे गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, हा मात्र खरा कमकुवत भाग. मूळ गाडीत रॉड गिअरबॉक्सकडून मागे ड्रायव्हरकडे येतो, इथे ड्रायव्हर पुढे, त्यामुळे सगळं फिरवून आणावं लागलं आणि जोडांमध्ये लूज प्ले आहे, दुसरा गिअर शोधावा लागतो. क्लच वायरपण लांब करून घेतलीये, ती खाऱ्या हवेत कडक होते, तेलपाणी केलं नाही तर पाय दुखतो. परत बनवली तर लिंकेजला पुश-पुल केबल आणि क्लचला हायड्रॉलिक सांगणार.

दोन गोष्टी त्यांनी न सांगता केल्या त्याबद्दल मनापासून दाद देतो. एक, सम्प उघडून आत तेल अडवणारी बॅफल प्लेट वेल्ड केली, कारण खड्या चढावर तेल एका बाजूला जातं आणि तेल ओढणारा पिकअप कोरडा पडतो, सोबत ऑइल प्रेशरचा वेगळा गेज. दुसरं, पुढचा सेट मागे लावला की स्टिअरिंगचे टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) मोकळे राहतात, ते चॅसीला फिक्स करावे लागतात, आणि त्यांचे बॉल जॉइंट झिजले तर मागची चाकं स्वतःहून वळायला लागतात. त्यांनी मला गाडी जॅकवर घेऊन दाखवलं, चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी दोन हातांनी धरायचं आणि हलवायचं, जरा जरी खटखटलं की जॉइंट बदलायचा. प्रत्येक राइडआधी मी हे करतो.

सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलतं ते) कमी आहे, पण तो शाफ्टमुळे. ८०० चे शाफ्ट आखूड, शाफ्टच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटला ठरावीक कोनापलीकडे वळवलं की त्याचा बूट (रबरी आवरण) फाटतो आणि जांभ्याची कच आत गेली की जॉइंट संपला. म्हणून त्यांनी चाक फार खाली जाऊ न देणारे लिमिट स्ट्रॅप लावलेत, ज्यांना उड्या मारायच्यात त्यांनी हा सेट घेऊ नका.

वेल्डिंग सुबक आहे, केजला (सीटभोवतीच्या पाइपच्या पिंजऱ्याला) सीमलेस पाइप, रेड ऑक्साइड व्यवस्थित मारलेला, तरी मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला ठेवणार असाल तर जोडांच्या खालच्या बाजूला दर पावसाळ्याआधी बघाच. गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असले बदल केलेली गाडी पासिंगला बसत नाही, मी टेम्पोत घालून खाजगी जागेतच नेतो आणि गॅरेजवालेही हे आधीच स्पष्ट सांगतात.

पाचपैकी चार स्टार, एक लिंकेजसाठी कापला. एस्टिमेटमध्ये मजुरी आणि सामान वेगळं लिहून देतात, जुने काढलेले पार्ट परत देतात. फक्त एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या गाड्यांची कामं असतात आणि गणपतीत शटर बंद, त्यामुळे पावसाआधी बग्गी हवी असेल तर डोनर गाडी जानेवारीतच नेऊन टाका.