टँगसाठी क्युप्रामाइन: औषध चांगलं, पण मीटर नसेल तर घेऊ नका

सीकेम कंपनीचं क्युप्रामाइन हे खाऱ्या पाण्यातल्या माशांना होणाऱ्या इच आणि वेल्वेट या दोन रोगांवरचं तांब्याचं औषध आहे. टँग म्हणजे शेपटीजवळ धारदार पातं असलेला, शेवाळ खाणारा खाऱ्या पाण्यातला मासा. तो पाळणाऱ्याला आज ना उद्या तांब्याची गरज पडतेच, कारण टाकीत इच शिरला की पहिले ठिपके बहुधा टँगच्याच अंगावर दिसतात. पावडर ब्ल्यू, अकिलीस आणि हेपाटस या टँगच्या जाती तर त्यासाठी ओळखल्याच जातात. पण मारक मात्रा आणि उपचाराची मात्रा यांत क्युप्रामाइन फारच थोडं अंतर ठेवतं. म्हणून या परीक्षणात बाटलीसोबत तांबं मोजायच्या मीटरचाही विचार केला आहे. टँगच्या बाबतीत या दोन वस्तू वेगवेगळ्या धरता येत नाहीत.

लेबलवरची मात्रा अशी: ४२ लिटर पाण्याला १ मिलीलिटर, ४८ तासांनी पुन्हा तेवढंच, आणि मग १४ दिवस तीच पातळी. दोन मात्रांनंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलीग्रॅम तांबं होतं. उलटा हिशेब केला तर बाटलीतल्या १ मिलीलिटरमध्ये १०.५ मिलीग्रॅम तांबं आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी गणितं त्यावरच चालतात. पाण्यातलं तांबं लिटरमागे ०.६ मिलीग्रॅमच्या वर गेलं की अनेक मासे ते सोसू शकत नाहीत आणि ०.३५ च्या खाली आलं की परजीवी तगून राहतो.

इतक्या अरुंद पट्ट्यात टँगला लेबलप्रमाणे दोन मोठे घोट देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्वारंटाइन टाकीत, म्हणजे मासा वेगळा ठेवून उपचार करायच्या टाकीत, प्रत्यक्ष ८४ लिटर पाणी असेल तर एकूण ४ मिलीलिटर औषध लागतं. त्याचे अर्ध्या-अर्ध्या मिलीलिटरचे आठ भाग करा आणि सकाळ-संध्याकाळ एकेक असे चार दिवसांत द्या. प्रत्येक भागाने पातळी जेमतेम ०.०६ ने चढते आणि माशाला सावरायला वेळ मिळतो. औषध १ मिलीलिटरच्या सिरिंजने मोजा, टाकीतल्याच पाण्यात पातळ करा आणि पॉवरहेडच्या (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाच्या) झोतात हळूहळू ओता. थेंब मोजत बसू नका. टाकीवर लिहिलेली क्षमताही धरू नका. भरताना किती लिटर पाणी गेलं ते बादलीने मोजा. १०० लिटरची म्हणून घेतलेली टाकी वरची मोकळी जागा आणि आतले पाइप वजा जाता बरंच कमी पाणी घेते आणि चूक नेमकी जास्त औषधाच्या बाजूला होते.

याला अपवाद वेल्वेटचा. अंगावर पिठासारखी बारीक धूळ, धापा टाकणं, झोतात तोंड घालून उभं राहणं ही लक्षणं असतील तर चार दिवस हाताशी नसतात. अशा वेळी टाकीइतकंच तापमान आणि पीएच असलेल्या गोड्या पाण्यात माशाला पाच मिनिटं बुडवा, डोळा न हलवता त्याच्याकडे बघत राहा आणि मग लेबलच्या वेगानेच औषध द्या. तिथे धोका पत्करावाच लागतो.

औषध काम कसं करतं हे माहीत नसल्यामुळेच लोक मधेच घाबरून मात्रा वाढवतात. इचचा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा तांबं त्याच्यापर्यंत पोचत नाही. तळाला पडून त्याने कवच केलं की तेव्हाही नाही. कवच फोडून तो नवा मासा शोधत पोहत असतो, त्या एक-दोन दिवसांतच तांबं त्याला मारतं. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत ठिपके वाढले तर औषध फसलं असं नाही; आधीच आत शिरलेले परजीवी मोठे होत असतात. साधारण आठवड्याभरात ते अंगावरून गळतात. मात्र तळावरची कवचं त्यापुढेही अनेक दिवस टिकू शकतात. म्हणून १४ दिवस उपचाराची पातळी अखंड राहिल्यावर मासा दुसऱ्या, कोरड्या करून नव्याने भरलेल्या टाकीत हलवणं उत्तम. त्याच टाकीत ठेवायचा असेल तर पूर्ण ३० दिवस पातळी धरा. एखाद्या दिवशीही ती घसरली तर मोजणी पहिल्यापासून. मुख्य टाकी तोवर माशांविना ठेवायची असते, आणि त्यासाठी ७६ दिवसांचा रिवाज आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

आता मीटर. रंगाच्या तक्त्यावर ०.२५ आणि ०.५ मधला फरक डोळ्याने ओळखायचा आणि त्यावर अकिलीससारख्या माशाचा जीव सोपवायचा, हे आम्हाला पटत नाही. हॅना कंपनीचा एचआय७०२ हा हाय रेंज चेकर ० ते ५ पर्यंत मोजतो. १० मिलीलिटर पाणी घ्या, आधी शून्य करा, रिएजंटची (तपासणीच्या रसायनाची) पुडी टाका, हलवा, टायमर संपू द्या आणि आकडा वाचा. एचआय७४७ हा त्याचा लो रेंज भाऊ ०.९९९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे पुढे कधी चिलेटेड तांबं (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं, जास्त पातळीवर वापरायचं तांबं) वापरायचं असेल तर तो निरुपयोगी. खरेदी करताना क्रमांक नीट वाचा.

एचआय७०२ ची अचूकता अधिक-उणे ०.०५ आणि शिवाय वाचनाच्या ५ टक्के. म्हणजे पडद्यावर ०.५० दिसलं तर खरं तांबं ०.४२ पासून ०.५८ पर्यंत कुठेही असू शकतं. क्युप्रामाइनचा पट्टा त्याहून थोडासाच मोठा आहे! म्हणून आम्ही पडद्यावर ०.४५ च्या आसपास थांबायला सांगतो. एकाच नमुन्याचं वाचन दोनदा घ्या. पुडी पूर्ण रिकामी करा; चिमूटभर पावडर कागदाला चिकटून राहिली की आकडा कमी येतो आणि माणूस वर आणखी औषध ओततो. काचेच्या नळीवरचा बोटाचा डाग किंवा आतला बुडबुडाही वाचन बिघडवतो.

चिलेटेड तांब्याची उपचारपातळी २ ते २.५ असते. २.५ ला याच मीटरची चूक फार तर ०.१७५, म्हणजे ७ टक्के, क्युप्रामाइनच्या ०.५ ला ती १५ टक्क्यांवर जाते. त्यामुळे पावडर ब्ल्यू, पावडर ब्राउन आणि अकिलीस यांच्यासाठी आमची पसंती चिलेटेड औषधाला आहे. यलो टँग, सेलफिन आणि धडधाकट, खाणारा हेपाटस यांना क्युप्रामाइन चालतं. क्युप्रामाइनची जमेची बाजू म्हणजे ते झटपट काढता येतं. मासा आडवा पडू लागला, खाणं थांबलं, श्वास भरभर चालू झाला, तर ताजा कार्बन लावून आणि पाणी बदलून काही तासांत पातळी उतरवता येते. चिलेटेड तांबं इतक्या सहज जात नाही. दोन्ही औषधं एकाच पाण्यात कधीही मिसळू नका. मग मीटरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

टाकीची मांडणी अगदी उघडीबोडकी हवी. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री दगड) तांबं शोषतात, पातळी रोज घसरते. लपायला पीव्हीसीचे रुंद पाइप पुरतात. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा बंद. क्लोरीन किंवा अमोनिया मारणारी कंडिशनर, सीकेमचंच प्राइमसुद्धा, या औषधासोबत वापरायची नाहीत, कारण ती तांब्याचं जास्त विषारी रूप तयार करू शकतात. यामुळे अमोनिया चढला तर पाणी बदलणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून आधीच जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर औषधाच्या आधी टाकीत असलाच पाहिजे. २० लिटर पाणी बदलायचं असेल तर नव्या पाण्यात आधीच ०.९५ मिलीलिटर औषध मिसळा. बाष्पीभवनाने तांबं उडत नाही. ८४ पैकी ४ लिटर पाणी कमी झालं की ०.५० चं ०.५२५ होतं. रोजची तूट साध्या गोड्या आरओ (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्याने भरा, त्यात औषध नको. झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळ यांचा या टाकीशी, तिच्या जाळीशी आणि बादलीशीही संबंध येऊ देऊ नका.

टँगला ऑक्सिजन जास्त लागतो, तेव्हा एअरस्टोन आणि पाण्याचा पृष्ठभाग ढवळणारा पॉवरहेड दोन्ही लावा. त्यांच्या आतड्यातले जिवाणू शेवाळ पचवायला मदत करतात आणि तांब्याच्या उपचारात भूक मंदावते, म्हणून औषध सुरू करण्याआधी मासा नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून खातो आहे याची खात्री करा. न खाणाऱ्या टँगला, वेल्वेटची घाई नसेल तर, आधी चार-पाच दिवस शांतपणे खायला शिकू द्या. क्लिपला लावलेली नोरी सकाळी द्या, उरलेली दुपारी काढा. कुजली की अमोनिया वाढतो. एका टाकीत एकच टँग ठेवा, शेपटीजवळच्या पात्याने ते लहान जागेत एकमेकांना जखमी करतात.

क्युप्रामाइनच्या मर्यादाही माहीत हव्यात. ब्रुकलिनेला आणि युरोनेमा हे दुसरे सूक्ष्म परजीवी आणि कातडीवरचे चपटे कृमी यांच्यावर ते चालत नाही. कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध लागतं, आणि तेही तांब्याचा उपचार संपल्यावर दिलेलं बरं, म्हणजे भूक गेली तर नेमकं कशामुळे गेली ते कळतं.

मीटर घेताना सोबत रिएजंटचं एक जादा पाकीट घेऊन ठेवा आणि त्यावरची मुदत तपासा. औषध चढवण्याच्या काळात दिवसाला दोन वाचनं आणि नंतर रोज एक, प्रत्येक वाचन दोनदा, असं धरलं तर २५ पुड्या आठ-दहा दिवसांतच संपतात.