डोंबिवली एमआयडीसीतला बंगला: सात वर्षं राहून सांगतोय

डोंबिवलीत अंगण असलेलं घर भाड्याने मिळतं का? मिळतं. स्टेशनजवळ नाही, पूर्वेला एमआयडीसीच्या, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाच्या, निवासी विभागात. मिलापनगरजवळच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही 2017 ते 2024 राहिलो. वर मालकीणकाकू.

घराला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण मोरीचा उतार उलटा आहे, पाणी खराट्याने ढकलावं लागतं. बाकी पुढे व्हरांडा, त्यात झोपाळा, मागे धुणं धुवायचा दगड आणि रायवळ आंबा. फळ आंबट, पण लोणच्याला एक नंबर. काकू जिन्यावर बसून कैऱ्या मोजायच्या आणि आमच्या वाटच्या बरोब्बर अर्ध्या द्यायच्या, एखादी विषम उरली तर माझ्या मुलीला. मुलगी सायकल शिकली ती याच गल्लीत. फडके रोडच्या गर्दीतून आलं की इथल्या झाडांखाली आपण डोंबिवलीतच आहोत यावर विश्वास बसत नाही.

रात्री मात्र बसतो. थंडीच्या दिवसांत दीड-दोनला जवळच्या केमिकल कारखान्यांचा वास यायचा. कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी घशाला झोंबणारा, नाव नसलेला. खिडक्या लावायच्या, दाराखाली ओलं फडकं सरकवायचं, पंखा लावून झोपायचं. देवघरातली चांदीची निरांजनं दिवाळीला लख्ख घासली तरी तुळशीच्या लग्नापर्यंत काळी. हिने शेवटी पितळेची आणली. पांढरे शर्ट गच्चीवर वाळत घालू नका असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ऐकलं नाही, दोन शर्ट गेले.

हे नवीन नाही. 2014 ला इथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, 2020 ला रस्ता गुलाबी झाला. मे 2016 च्या कारखान्यातल्या स्फोटात काकूंच्या वरच्या खिडक्या गेल्या होत्या. 23 मे 2024 ला दुपारी पुन्हा स्फोट, तेव्हा आमच्या. हॉलभर काचा, आणि झोपाळ्याच्या उशीत रुतलेला एक बोटभर तुकडा. जेवणानंतर त्याच उशीवर मी रोज आडवा व्हायचो. त्या गुरुवारी ऑफिसला होतो. घर बदलायचं हिने त्याच संध्याकाळी ठरवलं, मी काही बोललो नाही.

विकत घ्यायचा विचार असेल तर एक बघा. इथली जमीन एमआयडीसीची, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. किती वर्षं उरलीत आणि नावावर करून घ्यायला एमआयडीसीला काय भरावं लागेल, हे एजंट आपणहून सांगत नाही. कागद मागा.

सकाळी स्टेशनला जायला शेअर रिक्षा. पावसात रांग लांब, बाकी ठीक. कल्याण-शीळ रोडने ऑफिस असेल तर त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला कळेलच.

एजंट घर रविवारी सकाळी दाखवतो. ऊन असतं, पाखरं असतात, आंब्याखाली सावली असते. बघा, पण टोकन देण्याआधी डिसेंबरातल्या एखाद्या रात्री दीड वाजता जाऊन गल्लीत अर्धा तास उभे राहा. कुत्री भुंकतील, काकू वरून टॉर्च मारतील. माझं नाव सांगा, चहा देतील.