लाल केमो: साधी घ्यावी की लायपोसोमल?

दोन्हींत औषध एकच, डॉक्सोरुबिसिन. साधं औषध लालभडक आणि आरपार दिसणारं. ते घेतल्यावर एकदोन दिवस लघवीही लालसर होते, घाबरायचं नाही. लायपोसोमलमध्ये हेच औषध ८० ते १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध कुप्यांत बंद असतं, म्हणून औषधाची बाटली गढूळ लाल दिसते.

कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या, तिथून या कुप्या आत झिरपतात, हे तत्त्व खरं. पण 'औषध थेट गाठीत जातं' ही जाहिरातीची भाषा. अशा निरनिराळ्या नॅनोकणांच्या, प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये आला, त्यात गाठीपर्यंत पोचलेला वाटा निघाला जेमतेम ०.७ टक्का!

मग लायपोसोमलसाठी जास्त पैसे मोजायचे कशाला? हृदयासाठी. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ५०९ स्त्रियांवर चाचणी झाली, निकाल २००४ मध्ये आले. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही जवळपास सारखीच, पण साध्या औषधाने हृदयाला इजा होण्याचा धोका सुमारे तिप्पट. केस गेले ते साध्यात ६६ टक्के जणींचे, लायपोसोमलमध्ये २० टक्के जणींचे.

फुकट काही मिळत नाही. कुप्या रक्तात कित्येक दिवस फिरत राहतात आणि तळहात-तळपायांच्या त्वचेत जाऊन बसतात. तिथे आग होते, लाली येते, साल निघते. त्या चाचणीत हा त्रास लायपोसोमलवाल्या ४८ टक्के जणींना झाला, साध्यावाल्या फक्त २ टक्क्यांना. गरम पाण्याने भांडी घासणं, घट्ट चपला, तव्यावरची पोळी हाताने उलटणं काही दिवस बंद. ज्या बाईचं घर तिच्याच हातावर चालतं, तिला ही गोष्ट केसांपेक्षा जड जाऊ शकते, आणि समुपदेशनात हे कुणी धड सांगत नाही.

माझं मत विचाराल तर: सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग, पूर्ण बरं करायच्या हिशेबाने केमो आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला असेल, तर साधीच, तिथे अनुभव तिचाच आहे. वय झालेलं, हृदय कमजोर किंवा आधी हेच औषध बरंच घेऊन झालेलं असेल, तर लायपोसोमलबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. अंडाशयाचा कर्करोग उलटला असेल, तर बहुतेक वेळा तेच लायपोसोमलचं नाव काढतील.

किमतीने दचकू नका, ते भारतातही बनतं. २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा सन फार्माचं लिपोडॉक्स हे लायपोसोमल औषध इथूनच तिकडे गेलं होतं. फक्त मेडिकलवाला 'दोन्ही एकच हो' म्हणाला, तरी परस्पर बदलून घेऊ नका. वरच्या चाचणीत साधं औषध दर तीन आठवड्यांनी ६० मिलिग्रॅम होतं, लायपोसोमल चार आठवड्यांनी ५०. तेही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे.