काठावरून की होडीतून? इंग्लंडच्या जलाशयांवर ट्राउटसाठी जाताना

रटलंड वॉटर, ग्रॅफम किंवा च्यू व्हॅलीवर पहिल्यांदाच फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे किड्याची किंवा पिल्लाची नक्कल असलेला गळ) घेऊन निघालेल्याला आधी हेच ठरवावं लागतं: काठाचा परवाना घ्यायचा की होडी? बहुतेक नवखे होडी घेतात. एवढा मोठा तलाव, मासे मधल्या खोल पाण्यात असणार, काठावरून तिथवर दोरी पोचणार कशी, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब जुलैत बरोबर येतो आणि एप्रिलमध्ये साफ चुकतो. माझं मत आधीच सांगतो: आधी महिना बघा, मग वारा, आणि पैसे व हौस सगळ्यात शेवटी.

हे तलाव म्हणजे पिण्याच्या पाण्याची धरणं. सॉमरसेटमधल्या ब्लॅग्डनवर १९०४ पासून ट्राउटची गळबाजी चालू आहे. शेजारचं च्यू १९५६ चं, ग्रॅफम साठच्या दशकातलं, रटलंड सत्तरच्या. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा. इथे तो हॅचरीत वाढवून सोडतात. नदीतला ट्राउट एका जागी थांबतो, प्रवाह त्याच्या तोंडाशी खाणं आणून देतो. तलावात प्रवाह नाही, म्हणून मासा खाण्यामागे फिरतो. तुम्ही एका जागी थांबून त्याची वाट बघायची की होडीतून त्याच्या मागे जायचं, हा खरा प्रश्न.

एप्रिल-मेमध्ये थांबणाऱ्याची चलती असते. उथळ पाणी आधी तापतं, उजेड तळापर्यंत पोचतो आणि गाळात हिवाळा काढलेल्या चिलटांच्या अळ्या कोष होऊन पृष्ठभागाकडे निघतात. या कोषांना आणि त्यांच्या नकला असलेल्या गळांनाही इथे ‘बझर’ म्हणतात. पाच-दहा फूट पाण्यात हे खाणं हळूहळू वर सरकत असतं आणि ट्राउट त्याच थरात घिरट्या घालतो. रटलंड सगळ्यात खोल जागी तीसेक मीटर आहे, पण वसंतात त्या खोलीशी तुमचा संबंध नाही. च्यूची तर सरासरी खोलीच साडेचार मीटरच्या आत, तिथे काठ आणि मध्य यांत फारसा फरकही राहत नाही.

काठावरची पद्धत दिसायला अगदी आळशी. तरंगती दोरी, पुढे पंधरा-अठरा फुटांचा लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, त्यावर पाच-सहा फुटांच्या अंतराने तीन बझर. वारा डाव्या खांद्यावरून येईल असं उभं राहायचं (डावखुऱ्यांनी उलट), वीसेक यार्डांवर दोरी टाकायची आणि पुढचं काम वाऱ्यावर सोडायचं. दोरी कमानीसारखी वाकत बाजूला सरकते. तिला ओढ द्यायची नाही, फक्त पडलेली ढील बोटांत गोळा करायची. मग कधीतरी ती कमान सरळ व्हायला लागते. बस, रॉड उचला. दचकून हिसका मारलात तर लीडर तुटणार. मालवण-रत्नागिरीकडे लहानपणी खडकावर बसून गरी टाकलेल्यांना हा धीर आयता असतो. मात्र इथे कोळंबीचा तुकडा लावून चालत नाही, फक्त फ्लाय.

काठावर लोक एक गंमत करतात. आल्याआल्या वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) चढवून कमरेपर्यंत पाण्यात शिरतात. ज्या पाण्यात मासा होता, त्याच पाण्यात उभं राहून त्यापलीकडे दोरी फेकायची! पहिले चार-सहा फेक कोरड्या जमिनीवरून, काठाला समांतर मारा. तिकडे होडीतली मंडळी काठाकडे फेकत असतात आणि काठावरची होडीकडे; दोघांनाही समोरच्याचंच पाणी बरं वाटतं.

जून सरला की पारडं फिरतं. वरचं पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि वीस अंशांच्या पुढे रेनबो अस्वस्थ होतो. तो खाली जातो. त्यातच त्याला डॅफ्निया हे सूक्ष्म कवचधारी जीव खायला मिळतात. हे थव्यांनी राहतात, लख्ख उन्हात खोल उतरतात, ढगाळलं किंवा संध्याकाळ झाली की वर येतात. मासा त्यांच्या मागोमाग. म्हणजे सकाळी बारा फुटांवर असलेला मासा दुपारी वीस फुटांवर आणि काठापासून पाव मैल आत. अशा दिवशी काठावर उभं राहणं म्हणजे हवा खाणं. अपवाद संध्याकाळचा शेवटचा तास आणि वनस्पतींनी भरलेल्या खाड्या, जिथे जून-जुलैत टाचणीचतुरांच्या अळ्या काठाकडे पोहत येतात.

होडी वाऱ्याला आडवी राहते आणि वाऱ्याबरोबर वाहत जाते. होडीमागे पाण्यात ‘ड्रोग’ सोडतात, कापडी छत्रीसारखा, तो वेग आवरतो. दोघं दोन टोकांना बसून वाऱ्याच्या दिशेने पुढे फेकतात. इथे आळस चालत नाही, कारण होडी सतत तुमच्याच दोरीवर चालून येते. तिच्यापेक्षा जलद ओढलं तरच गळ हलतो. मोक्याचा क्षण शेवटी असतो. गळ होडीपाशी आले की रॉड उंचावून ते पृष्ठभागाखाली तीन-चार सेकंद तसेच धरायचे. पाठलाग करत आलेला मासा पुष्कळदा तिथेच, डोळ्यांदेखत, झडप घालतो. घाईने पुढच्या फेकीसाठी दोरी उचलणाऱ्याला तो दिसतही नाही.

खर्चाचं बोलायचं तर होडी महाग पडते, पण फक्त भाड्याने नाही. काठावर एका तरंगत्या दोरीवर अख्खा वसंत निघतो. होडीत मासा कोणत्या थरात आहे ते शोधायचं, म्हणून तरंगती, मध्यम (सावकाश बुडणारी), सेकंदाला तीन इंच बुडणारी, सात इंच बुडणारी अशा तीन-चार दोऱ्या लागतात, आणि त्या मिळून रॉडच्या किमतीला भिडतात. भाडं जोडीदाराबरोबर वाटून घेता येतं. जोडीदार मात्र फेकता येणारा हवा. दोघंही उजवे असतील तर वाऱ्याकडे पाठ करून डावीकडे बसलेल्याची दोरी होडीच्या मधूनच जाते, आणि गळ कानात रुतला की दिवस संपला. चष्मा आणि टोपी दोघांनाही, लाइफजॅकेट तर सक्तीचंच. म्हणून ज्याची फेक अजून बसलेली नाही त्याने, जुलै असला तरी, पहिला होडीचा दिवस वाटाड्या घेऊनच करावा. नाहीतर काठ बरा, मासे कमी मिळाले तरी.

लहान मुलं बरोबर असतील तर वाद नकोच: काठ. आठ तास होडीत बसणं त्यांना जमत नाही, आणि शौचालय लॉजवर, म्हणजे काठावरच्या परवाना-होडीच्या कचेरीत, असतं. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला तलावाच्या परवान्याखेरीज सरकारी रॉड लायसन्स लागतं. सोळापर्यंत ते फुकट असलं तरी काढावं लागतंच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा काठाकडे वळायला सांगेन. रोच आणि पर्च या माशांची पिल्लं पाणवनस्पतींत, धक्क्यांच्या आणि बांधून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला दाटी करतात आणि मोठे ट्राउट तिथे शिकारीला येतात. पाणी फुटून पिल्लं उडताना दिसली की तिथे पांढरा, तरंगणारा गळ टाकून नुसता पडू द्या. वर्षातला सर्वांत मोठा मासा बऱ्याच जणांना याच दिवसांत, गुडघाभर पाण्यात लागतो.

वारा ताशी वीस मैलांच्या वर असेल तर महिना कुठलाही असो, होडी रद्द करा. पुष्कळदा लॉजच ती देत नाही. आणि काठ निवडा की होडी, घरी आल्यावर वेडर्स, जाळं, ड्रोग, सगळं धुऊन कडक वाळवा. ग्रॅफममध्ये २०१० साली ‘किलर श्रिम्प’ हा ओल्या सामानाबरोबर पसरणारा, कोळंबीसारखा परदेशी जीव सापडला, तेव्हापासून ओलं सामान एका तलावावरून दुसऱ्यावर नेणाऱ्याकडे कोणी चांगल्या नजरेने बघत नाही. शनिवारी एका आणि रविवारी दुसऱ्या तलावावर जायचा बेत असेल तर वेडर्स मध्ये वाळणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी होडी घ्या आणि साधे कोरडे बूट घालून जा.